कमावत्या विद्यार्थ्याला आधी अनुदान द्या

मुक्त विद्यापीठात शिकणाऱ्यांना शिष्यवृत्ती द्यावी, निदान फी माफ करावी, असा विषय निघाला की ठरलेली उत्तरे येतात. तो कमावता आहे, भरू दे की फी. फी तरी अशी कितीशी असते? आणि अगदीच अडले तर बँका शैक्षणिक कर्ज देतातच. शिक्षणाबद्दल खरी आस्था असलेली माणसेही असे बोलतात, म्हणून ही उत्तरे नीट तपासून खोडली पाहिजेत. माझे म्हणणे एवढेच आहे: नोकरी-मजुरी सांभाळून दूरशिक्षणाने पदवी घेणाऱ्याला आधी अनुदान मिळाले पाहिजे. कर्जाचा विचार त्यानंतर.

‘तो कमावता आहे’ हे पहिले उत्तर. बारा तासांची ड्युटी करणाऱ्या सुरक्षारक्षकाचा पगार हातात पडतो तेव्हा त्याचे वाटे आधीच झालेले असतात. खोलीचे भाडे, किराणा, गावी आई-वडिलांना पाठवायचे पैसे, धाकट्या बहिणीची फी. कॉलेजात रोज जाणाऱ्या मुलाच्या घरातही कोणीतरी कमावतेच, पण तिथे आपण कुटुंबाचे एकूण उत्पन्न बघतो आणि त्यावरून मदत ठरवतो. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत ही मर्यादा वर्षाला ८ लाख रुपये आहे. २०२४ मध्ये याच मर्यादेत व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या मुलींचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकारने पूर्ण माफ केले. तो निर्णय चांगलाच आहे. पण ती सवलत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या मुलींसाठी आहे. घरचे उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेली अंगणवाडी मदतनीस मुक्त विद्यापीठातून बी. ए. करते, तेव्हा ती या चौकटीत बसतच नाही. गरज कोणाला आहे हे तहसीलचा उत्पन्नाचा दाखला सांगतो. मग ती शिकते कोणत्या पद्धतीने, यावरून तिला रांगेबाहेर का काढायचे?

आता फीचा मुद्दा. मुक्त विद्यापीठाची फी इतर ठिकाणांपेक्षा कमी असते हे खरे. पण या विद्यार्थ्याचा मोठा खर्च फीच्या पावतीवर छापलेला नसतो. परीक्षेच्या दिवसांत कामावर खाडे पडतात आणि रोजंदारीवरच्या माणसाला खाड्याचे पैसे कोणी देत नाही. अभ्यासकेंद्र तालुक्याच्या गावी असते, संपर्कसत्र रविवारी असते, एसटीचे जाऊन-येऊन भाडे लागते, आणि लहान मूल असेल तर ते शेजारी ठेवायची सोय करावी लागते. एखादा विषय राहिला तर पुन्हा परीक्षा शुल्क आणि पुन्हा खाडे. त्यात वर्षाची फी प्रवेश घेतानाच भरावी लागते. ऐन पावसाळ्यात, शाळा सुरू होऊन मुलांच्या वह्या-पुस्तकांत हात रिकामा झालेला असताना, ही रक्कम उभी करायची असते. बँक एवढ्या लहान रकमेच्या कर्जाची फाइल उघडायला उत्सुक नसते. मग बायका बचत गटातून उचल करतात, पुरुष ठेकेदाराकडून आगाऊ घेतात, नाहीतर सावकाराकडे दरमहा शेकडा दोन-तीन रुपयांनी व्याज भरतात. फी कमी आहे म्हणून मदत नको, असे म्हणणाऱ्यांनी ती कमी फी येते कुठून हे एकदा अभ्यासकेंद्रावर जाऊन विचारावे.

तिसरे उत्तर कर्जाचे. त्यावर थोडे थांबायला हवे, कारण ते सर्वांत समंजस वाटते. सरकारवर भार नाही, शिकणाऱ्याचा स्वाभिमान राहतो, पदवी मिळाली की तो फेडेल. हा प्रयोग इंग्लंडने मोठ्या प्रमाणावर करून पाहिला आहे. हॅरॉल्ड विल्सन यांची कल्पना आणि जेनी ली यांचा पाठपुरावा यांतून १९६९ मध्ये तिथे मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. जगभरच्या मुक्त विद्यापीठांनी त्याच्याकडे पाहून पावले टाकली, आपणही टाकली. २०१२ पर्यंत इंग्लंडमध्ये अल्प उत्पन्नाच्या अर्धवेळ विद्यार्थ्यांना फीसाठी अनुदान मिळत असे. त्या वर्षी सरकारने विद्यापीठांना अध्यापनासाठी दिला जाणारा पैसा बव्हंशी काढून घेतला, फी वाढू दिली, नव्या विद्यार्थ्यांची अनुदाने थांबवली आणि त्याऐवजी अर्धवेळ विद्यार्थ्यांना प्रथमच फीसाठी सरकारी कर्ज देऊ केले. मुक्त विद्यापीठाची एका पूर्ण वर्षाच्या अभ्यासाची फी ५,००० पौंडांच्या घरात गेली. २०१० ते २०१५ या काळात इंग्लंडमधली अर्धवेळ पदवी शिक्षणाची नोंदणी जवळपास निम्म्यावर आली. सगळा दोष कर्जाचा नाही. मंदी होती, मालकांनी कामगारांच्या शिक्षणावरचा खर्च आखडता घेतला होता, दुसरी पदवी घेणाऱ्यांसाठीचा निधी २००८ पासूनच कापला गेला होता. पण कर्ज मिळते म्हणून लोक शिकतील, हा हिशेब चुकला हे नाकारता येत नाही. सर्वांत जास्त गळाले ते पस्तिशीच्या पुढचे.

आणि ते कर्ज आपल्या बँकांच्या कर्जापेक्षा किती तरी सौम्य आहे. उत्पन्न ठरावीक पातळीच्या वर गेले तरच हप्ता कापला जातो, नोकरी गेली तर हप्ता थांबतो. तरी पस्तिशीतल्या आईने ते घेतले नाही, आणि तिचे चुकले असे मला वाटत नाही. वीस वर्षांच्या मुलाला फेडीसाठी चाळीस वर्षे समोर दिसतात. तिला घराचा हप्ता आणि मुलांचे शिक्षण दिसते, आणि पदवीने पगार वाढेलच याची खात्री नसते. शिवाय अर्धवेळ शिक्षण लांबते. तिथल्या नियमानुसार अभ्यासक्रम सुरू झाल्यावर चार वर्षांनी वसुली लागू होते, मग पदवी हातात आलेली असो वा नसो. आपल्याकडे शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभराने हप्ता सुरू होतो. उत्पन्न वाढले का, हे बँक विचारत नाही.

इंग्लंडच्या शेजारी भागांत वेगळा रस्ता धरला गेला. स्कॉटलंडमध्ये वार्षिक २५,००० पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्या अर्धवेळ विद्यार्थ्याला फीसाठी अनुदान मिळते आणि त्यात दूरशिक्षणही येते. वेल्सने २०१८ पासून अर्धवेळ विद्यार्थ्यांना निर्वाहासाठीही अनुदान आणि कर्ज दोन्ही द्यायला सुरुवात केली, आणि मुक्त विद्यापीठातून घरी बसून शिकणाऱ्याला त्यातून वगळले नाही. इंग्लंडने त्याच वर्षी अर्धवेळ विद्यार्थ्यांना निर्वाह-कर्ज दिले, पण दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना, काही अपंग विद्यार्थी सोडता, बाहेर ठेवले. घरी बसून शिकतो म्हणजे त्याला पोट नाही, असे मानणारा नियम कुठल्याही देशात अन्यायाचाच.

एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. दूरशिक्षणात गळती मोठी असते, नाव नोंदवून अनेक जण परीक्षेला येतच नाहीत, मग सार्वजनिक पैसा वाया जाणार नाही का? गळती मोठी आहे, हे मान्य. तिचे एक मोठे कारण पैसाच आहे, हेही मान्य करायला हवे. त्यावर उपाय आहे: प्रवेशाच्या वेळी फी सरकारने थेट विद्यापीठाला भरावी आणि खाड्यांचा भत्ता विद्यार्थी परीक्षेला बसल्यावर त्याच्या खात्यात जमा करावा. आज बऱ्याच योजनांत विद्यार्थ्याने आधी भरायचे आणि सरकारने सवडीने परत द्यायचे, असा क्रम आहे. ज्याच्याकडे आधी भरायला पैसे आहेत त्यालाच मदत पोहोचते, ही त्या क्रमातली खोट आहे.

मागतो आहोत ते काही नवे तत्त्व नाही. अनुसूचित जातींसाठीच्या केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत पत्रद्वारा आणि दूरशिक्षणाने शिकणाऱ्यांची फी देण्याची तरतूद आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनी मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची ठरवली. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर करसवलत देणाऱ्या, १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातल्या ८०-ई कलमातूनही ‘पूर्ण वेळ’ शिक्षणाची अट २००९ च्या दुरुस्तीने गेली. पदवी बरोबरीची असेल, तर ती मिळवणारा विद्यार्थीही बरोबरीचा आहे.

महाराष्ट्राला तर हे समजावून सांगायची गरज पडू नये. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, कारण दिवसा त्यांना काम सोडता येत नव्हते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी कमवून शिकणाऱ्याला मानाची जागा दिली. १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले, राम ताकवले पहिले कुलगुरू झाले आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद ठरले. बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचा मार्ग त्या विद्यापीठाने काढला. दार उघडण्याचे काम झाले आहे. आत यायला लागणारा पैसा राज्याने द्यायचा आहे.

कर्जाला माझा सरसकट विरोध नाही. लॅपटॉपसाठी, किंवा ज्या शिक्षणक्रमाने पगार नक्की वाढतो अशा महाग शिक्षणक्रमासाठी, बिनव्याजी आणि उत्पन्नाशी बांधलेले कर्ज उपयोगी पडेल. पण ते मागणाऱ्याला मिळावे, अनुदानाच्या बदल्यात कोणाच्या गळ्यात मारू नये.

उच्च व तंत्रशिक्षण विभागाने पुढच्या प्रवेशांच्या आधी एक शासन निर्णय काढावा: राज्याच्या ज्या ज्या शिष्यवृत्ती आणि फी-सवलत योजनांत ‘नियमित’ किंवा ‘पूर्ण वेळ’ अशी अट आहे ती काढावी, उत्पन्नाची अट सर्वांना सारखी ठेवावी, आणि मुक्त विद्यापीठाच्या पात्र विद्यार्थ्यांची फी प्रवेशाच्या दिवशीच भरावी. विद्यार्थी संघटनांनी, प्राध्यापकांनी आणि आमदारांनी येत्या अधिवेशनात ही मागणी लावून धरावी.