मुनीमजी आणि गिऱ्हाईक

पेढीवरील मुनीमजी स्वतःचे दुकान थाटतात, तेव्हा किती गिऱ्हाईक त्यांच्यामागे जाते? अमेरिकेत हा प्रश्न हॉवर्ड स्टर्न या रेडिओ-निवेदकाने उभा केला. ऑक्टोबर २००४ मध्ये त्यांनी सिरियस या उपग्रह-रेडिओ कंपनीशी पाच वर्षांचा, ५० कोटी डॉलरचा करार जाहीर केला. (त्यांची भाषा आपल्या घरात चालणारी नव्हे, तो विषय वेगळा!) फुकट ऐकणाऱ्यांना आता दरमहा १२.९५ डॉलर मोजावे लागणार होते.

बँकेतील जुन्या सवयीने मी आकडेमोड केली. वर्षाचा बोजा १० कोटी, माणशी वार्षिक वर्गणी १५५ डॉलर. म्हणजे नुसता हा खर्च भरून निघण्यास सुमारे साडेसहा लाख नवे वर्गणीदार हवेत. २००५ अखेर सिरियसची वर्गणीदार-संख्या ३३ लाखांवर गेली. सारेच स्टर्नसाठी आले असे नव्हे, आणि त्यांचे बहुसंख्य फुकट श्रोते मागेच राहिले. तरीही व्यवहार बुडाला नाही.

आमच्या वडिलांनी दरवर्षी पोस्टात रेडिओ-परवान्याचे पैसे भरले. पैसे भारत सरकारला, आवाज मात्र सिलोनहून अमीन सायानींचा! सायानींनी वेगळी वर्गणी मागितली असती, तर आईने ती निमूटपणे घरखर्चातून दिली असती. वडिलांनी आधी पावती मागितली असती.