ओसरीवरचा पाहुणा माजघरात

अनोळखी पाहुण्याने ओसरीवर बसावे, माजघरात शिरू नये, ही आपल्याकडची जुनी रीत. जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेलाही तीच मर्यादा होती. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये तिचा पहिला नमुना अवघ्या दहा दिवसांत तयार केला. काम एवढेच, की ब्राउझरमधल्या पानांत जिवंतपणा आणायचा. घरच्या संगणकातल्या फायलींना मात्र हात लावायचा नाही. कुठल्याही संकेतस्थळाला आपली पत्रे, हिशेब वाचता आले तर?

पण भाषा लोकप्रिय झाली आणि प्रोग्रामर मागणी करू लागले, ‘संगणकावरची नेहमीची सॉफ्टवेअरही हिच्यातच का लिहू नयेत?’ रायन डाल यांच्या नोडने २००९ मध्ये तिला ब्राउझरबाहेर काढले. २०१३ मध्ये गिटहब कंपनीत सुरू झालेल्या, पुढे इलेक्ट्रॉन नाव मिळालेल्या साधनाने तिला खिडक्या, मेनू, फायली सारे मिळवून दिले.

त्याची किंमतही आहे. असे प्रत्येक सॉफ्टवेअर सोबत अख्खा ब्राउझर घेऊन येते. जागा आणि मेमरी दोन्ही खाते. शिवाय ते बसवले, की पाहुणा माजघरात आलाच! तेव्हा ते कुणाकडून आले आहे, हे पाहूनच दार उघडावे.