वावराचे मोल मक्त्यावरून ठरवा

पांढुर्णा आणि सौसर मिळून ऑक्टोबर 2023 मध्ये वेगळा जिल्हा झाला, तेव्हापासून एक युक्तिवाद वारंवार ऐकू येतो: वावरांचे भाव चढत आहेत, म्हणजे शेती सुधारली आहे, कास्तकाराची तक्रार नुसती सवयीची आहे. त्याला जुन्या अर्थशास्त्राचा आधारही दिला जातो. धान्य महागले की जमिनीचा खंड वाढतो, हे डेव्हिड रिकार्डोने 1817 मध्ये मांडले. पण रिकार्डोचा सिद्धांत खंडाचा आहे, आपल्याकडच्या भाषेत मक्त्याचा. मक्ता पिकातून द्यायचा असतो, म्हणून तो पिकाच्या मागे चालतो. खरेदीचा पैसा मात्र पिकातूनच यावा लागतो असे नाही.

सौसरच्या बाजूने नागपूर-छिंदवाडा महामार्ग जातो, पांढुर्ण्यातून नागपूर-बैतूलचा. जिल्हा झाल्यावर कार्यालये आली, वस्ती वाढेल ही अपेक्षा आली. वावरांचे भाव चढण्याचे त्याहून मोठे कारण कायद्यात आहे आणि त्याची चर्चा फारच कमी होते. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ आणि आपला भाग यांची राज्ये वेगळी झाली. माती आणि बोली तीच राहिली, कायदे बदलले. विदर्भात 1958 च्या कुळवहिवाट कायद्यामुळे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. मध्य प्रदेशात तशी सर्वसाधारण अट नाही. निर्बंध आहेत ते मुख्यतः आदिवासींच्या जमिनीवर. म्हणून नागपूरच्या ज्या पैशाला काटोल-नरखेडला अडसर आहे, त्याला सीमेच्या अलीकडे वाट मोकळी आहे. शेतीचे उत्पन्न आयकरमुक्त असल्याने ती वाट आणखी सोयीची होते. असा पैसा गव्हाचा भाव विचारून येत नाही.

आता पिकाकडे पाहू. फाल्गुन-चैत्रात इथे गहू आणि हरभरा कापणीला येतात, मृग बहाराचा संत्रा तोडणीला असतो, आंबियाची कोवळी फळे झाडावर असतात आणि गारपिटीचे भयही याच दिवसांत. निसर्गातून जे वाचते ते धोरणाच्या तावडीत सापडते. 13 मे 2022 ला, भाव चढत असताना, गव्हाची निर्यात बंद झाली. 2025-26 साठी मध्यम धाग्याच्या कापसाला 7710 रुपये हमीभाव जाहीर झाला आणि ऑगस्टमध्ये आयातीवरचे 11 टक्के शुल्क वर्षअखेरपर्यंत उठवले गेले. त्याच हंगामात मक्याचा हमीभाव 2400 रुपये होता, पण मंडीतले सौदे त्याच्या बरेच खाली झाले. संत्र्याला तर हमीभावच नाही. बांगलादेशने 2019 मध्ये किलोमागे 20 टका असलेले आयातशुल्क 2023 पर्यंत 88 टक्यांवर नेले आणि या पट्ट्याचे मोठे गिऱ्हाईक हातचे गेले. संत्र्याचे झाड फळावर यायला पाच-सहा वर्षे लागतात, त्यामुळे भाव पडला म्हणून पुढच्या हंगामात पीक बदलावे ही सोयही बागाईतदाराला नाही.

यावर आक्षेप येतो की पीक बुडाले तरी कास्तकार लखपती-करोडपती आहेच, जमीन विकू शकतो. विकल्यावर तो कास्तकार उरत नाही. शेती सोडल्यावरच हाती येणारा पैसा शेतीच्या नफ्यात कसा धरायचा? दुसरा आक्षेप कर्जाचा: भाव वाढला की पत वाढते. किसान क्रेडिट कार्डाची पीककर्जाची मर्यादा पिकाच्या ठरलेल्या खर्चावर आणि क्षेत्रावर काढतात. वावराचा बाजारभाव दुप्पट झाला तरी त्या हिशेबात कपाशीचा एकर कपाशीचाच एकर राहतो. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: बाहेरचा खरेदीदार अडवला तर अडचणीत विकणाऱ्याचेच नुकसान. ते खरे आहे, म्हणून विदर्भासारखी बंदी इथे आणा असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की शेतीची स्थिती रजिस्ट्रीच्या दरावरून ठरवणे थांबले पाहिजे.

त्यासाठी मापही हाताशी आहे. भूमिस्वामी आणि बटाईदार यांच्या हितरक्षणाचा कायदा मध्य प्रदेशाने 2016 मध्ये केला आणि लेखी कराराची सोय दिली. तरी मक्त्याचे व्यवहार बहुतेक तोंडीच होतात. ते लेखी झाले, तर बटाईदाराला नुकसानभरपाई मागता येईल आणि सरकारला गावोगावचा मक्ता कळेल. दरवर्षी गाइडलाइन दर जाहीर होतात, त्यांच्या शेजारी कोरडवाहू, ओलिताच्या आणि संत्र्याच्या एकराचा मक्ताही छापला जावा.