दोन फोनमधला श्वास

कवठे महांकाळात आमच्या घराच्या माडीवर पुतणीची कॉल सेंटरची नोकरी चालते. एक टेबल, लॅपटॉप, कानाला हेडसेट, पायाशी इन्व्हर्टरची वायर. पाळी दुपारी बारा ते रात्री नऊ. तेवढ्या वेळात खाली मिक्सर लावायचा नाही, पाहुणे आले तरी जिन्यातून हाक मारायची नाही. एप्रिलच्या उन्हातही पंखा बारीक, कारण त्याची घरघर पलीकडे गेली की फोन तपासणारे गुण कापतात. गावाला वाटतं, पोरीचं बरं चाललंय, सावलीत बसून काम आहे. बेदाण्याच्या शेडवर दिवसभर उभ्या असणाऱ्या बायकांच्या शेजारी ठेवलं तर ते खरंही वाटतं.

गेल्या महिन्यात तिचे वडील बागेच्या औषधांच्या बिलावरून कुणावर तरी मोठ्यानं चिडले होते. ती जेवायला बसली होती. तिचा डावा हात आपोआप कानाजवळ गेला आणि अंगठा म्यूटचं बटण शोधू लागला. हेडसेट माडीवर होता. नंतर मी विचारलं, तर म्हणाली, "काका, शिव्यांचं आता काही वाटत नाही. पण शिवी देऊन तो फोन ठेवतो आणि मला लगेच दुसऱ्याला हसून नमस्कार म्हणावं लागतं. मधे श्वास घ्यायला मिळत नाही, त्याचं वाटतं."

या कामाचं दुखणं तिनं नेमकं सांगितलं. आपण मात्र दोष देतो तो चिडक्या ग्राहकाला. चिडकी माणसं बँकेच्या काउंटरवरही येतात, एसटीच्या खिडकीवरही येतात. तिथं एक गेला आणि दुसरा पुढे आला, यात चार क्षण मिळतात. शेजारच्याकडे बघून मान हलवता येते. फोनच्या कामात हे चार क्षण मोजून काढून घेतलेले असतात.

त्यामागचं गणित जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग या गणितज्ञानं 1909 साली फोन किती आणि कसे येतात यावर पहिला लेख लिहिला, 1917 मध्ये सूत्रं मांडली. किती फोन येणार, एक फोन किती मिनिटं चालणार आणि ग्राहकाला किती थांबवायचं हे ठरलं, की किती माणसं बसवायची ते आजही याच धर्तीच्या हिशोबानं काढतात. माणूस फोनवर गुंतलेला असण्याचं प्रमाण 85 टक्क्यांच्या आसपास असलं तर या धंद्यात ते रास्त समजतात. म्हणजे तासातली 51 मिनिटं बोलण्यात आणि नोंदी करण्यात, उरलेली 9 मिनिटं तुकड्यातुकड्यांत, तीही पुढच्या फोनची वाट बघण्यात. या गणिताची एक खोच बाहेर कुणाला ठाऊक नसते. कॉल सेंटर जितकं मोठं, तितकी ही मोकळी मिनिटं आणखी छाटूनही ग्राहकाला फारसं थांबावं लागत नाही. त्यामुळे छाटण्याचा मोह सुटत नाही. आणि छाटणी अति झाली की ग्राहक रांगेत तिष्ठतो, तापतो, तापलेलाच बोलायला येतो, त्याचा फोन लांबतो आणि मागची रांग आणखी वाढते. त्याच्या रागाला कारण असतं; फक्त तो उतरतो तो माणसं किती ठेवायची हे न ठरवणाऱ्या मुलीवर.

पगारासाठी स्वतःच्या भावना दाबणं किंवा नसलेल्या दाखवणं, याला आर्ली हॉक्शील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1983 मध्ये भावनिक श्रम असं नाव दिलं. विमानातल्या सेविका आणि थकबाकी वसूल करणारे कर्मचारी यांचा त्यांनी अभ्यास केला होता. श्रम म्हटले की विसावा आला, मोबदला आला, इजाही आली. आपल्याकडे मात्र गोड बोलणं हा मुलीचा स्वभाव मानला जातो, त्यामुळे ते झिजतं हे कुणाच्या मनातच येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये बर्नआऊटची व्याख्या केली, तेव्हा त्याला आजार न म्हणता कामाच्या ठिकाणची घटना म्हटलं आणि तीन खुणा सांगितल्या: शक्ती संपणं, कामाबद्दल दुरावा वा कडवटपणा येणं, हातून काही नीट होत नाही असं वाटणं. कारण म्हणून बोट ठेवलं ते कामाच्या न हाताळलेल्या ताणावर. तेव्हा मुलीला प्राणायाम शिकवून हा हिशोब मिटत नाही. प्राणायाम चांगलाच, पण श्वास ज्यांनी कापला त्यांनीच तो परत द्यायला हवा.

2007 साली पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका बीपीओ कर्मचारी तरुणीवर कंपनीनं ठरवलेल्या गाडीच्याच चालकानं साथीदारासह बलात्कार करून तिचा खून केला. त्यानंतर गाडी, चालक, सोबतीला रक्षक यांची चर्चा झाली. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही रात्रपाळीसाठी स्त्रीची संमती आणि तिची सुरक्षितता यांची तरतूद आहे. हे हवंच होतं. पण ही सगळी काळजी रस्त्याची. कानातून आत काय जातं, याची काळजी त्यात नाही.

आणि आता रस्ताच उरलेला नाही. नोव्हेंबर 2020 मध्ये दूरसंचार विभागानं या धंद्याचे नियम सैल केले, घरून काम करणं सोपं झालं, आणि पुतणीची पुण्यातली खुर्ची आमच्या माडीवर आली. भाडं वाचलं, आईबाप निर्धास्त झाले. पण पुण्यात रडू आलं तर शेजारची उठून पाणी द्यायची, चहाच्या टपरीवर टीम लीडरला चार शब्द सुनावता यायचे. इथं भिंत आहे. घरच्यांना ऐकू येतो तो फक्त तिचा गोड आवाज. पलीकडचा माणूस काय बोलतो ते हेडसेटमध्येच राहतं. घर सुरक्षित आहे या समजुतीनं आपण सगळ्यात बेसावध झालोय, असं मला वाटतं.

यापुढचं जास्त काळजीचं आहे. बिल किती, रिचार्ज कधी संपतो, असले सोपे फोन आता यंत्रं घेऊ लागली आहेत. हे सोपे फोनच तिचा विसावा होते. यंत्रापाशी डोकं आपटून आलेला, खरोखर अडकलेला माणूस तेवढा तिच्या वाट्याला उरेल, एकामागून एक.

या ताणाची दखल दुसरीकडे कायद्यानं घेतली आहे. दक्षिण कोरियात जोंजू शहरात 2017 च्या जानेवारीत कॉल सेंटरमध्ये प्रशिक्षणाला पाठवलेल्या एका शाळकरी मुलीनं आत्महत्या केली. सेवा बंद करू पाहणाऱ्या ग्राहकांना थोपवून धरायचं काम तिच्याकडे होतं. 18 ऑक्टोबर 2018 पासून तिथं कायदा लागू झाला: ग्राहकाच्या शिवीगाळीपासून कर्मचाऱ्याला वाचवणं ही मालकाची जबाबदारी, आणि गरज पडली तर काम थांबवून विश्रांती द्यायची. आपल्याकडे अनेक ठिकाणी मुलींना शिवी ऐकूनही आधी फोन ठेवायची परवानगी नसते. ठेवला तर त्या फोनचे सगळे गुण जातात.

मन फारच खचलं तर 14416 हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, फोन मराठीतही घेतात. पुतणीला तो दिला. तिनं लिहून घेतला आणि म्हणाली, "पाळी संपल्यावर आणखी एक फोन लावायचं जिवावर येतं हो, काका." मग आम्ही दोघं रविवारी मिरजेला डॉक्टरांकडे जाऊन आलो. तिथं ती पाऊण तास बोलली.

आमच्या गल्लीतली आणखी एक मुलगी पुढच्या महिन्यात अशाच नोकरीवर रुजू होणार आहे. इन्व्हर्टर किती तासांचा घ्यावा, हे विचारायला तिची आई आली होती. मी तास सांगितले. आणि मुलीसाठी एका कागदावर लिहून दिलं, रुजू व्हायच्या आधी विचार: शिवी आली तर फोन ठेवता येतो का, त्यानंतर किती मिनिटं उठता येतं, आणि ती मिनिटं पगारातून कापतात का.