गेलेला पाहुणा आणि राहिलेला शेजारी

ज्यांचे सोयरेधायरे कोल्हापूरकडे आहेत, त्या आमच्या वाचकांना गांधीनगरची पेठ नव्याने सांगावयास नको. घरात लग्न निघाले की घाऊक भावाने कापड घेण्यासाठी तिकडे एक फेरी व्हायचीच. परंतु आज जेथे ही पेठ आहे, तेथे पूर्वी काय होते हे फार थोड्यांना ठाऊक असते.

१९४३ साली येथेच, वळिवडे गावाजवळ, पोलंडमधील निर्वासितांची छावणी उभी राहिली. १९४० मध्ये सोव्हिएत सत्तेने या लोकांना घरांतून उचलून सैबेरियात व कझाकस्तानात नेऊन टाकले होते. पुढल्या वर्षीच्या करारामुळे त्यांची सुटका झाली आणि इराण, कराची असे मुक्काम करीत ते करवीर संस्थानच्या हद्दीत पोहोचले. सुमारे पाच हजार माणसे; त्यांत बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी, कारण धडधाकट पुरुष फौजेत दाखल झालेले. छावणीत शाळा होत्या, चर्च होते, इस्पितळ होते, नाटकांची हौसही भागविली जात होती. खर्च लंडनमधील पोलिश सरकार सोशीत असे. १९४८ पर्यंत ही मंडळी निघून गेली. एक मुलगी तेवढी कोल्हापूरच्या मराठी घरात सून म्हणून राहिली.

बराकी मात्र ओस पडल्या नाहीत. फाळणी झाली, जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली आणि सिंधमधून लाखोंनी हिंदू बाहेर पडले. त्यांतील काही कुटुंबे याच बराकींत येऊन उतरली. (त्या वेळी करवीरच्या गादीवर कोण होते? आपल्या शेजारच्या देवास थोरल्या पातीचे विक्रमसिंहराव. १९४७ मध्ये ते दत्तक जाऊन शहाजी महाराज झाले होते. असो.)

एकाच छपराखाली दोन निर्वासित समाज राहून गेले. नव्हे, एक गेला आणि एक राहिला. गेलेल्यांचे स्मारक कोल्हापुरात आहे, वॉर्सामध्येही कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये आपल्या पंतप्रधानांनी तेथे फुले वाहिली तेव्हा आपणा सर्वांचा ऊर भरून आला. तो योग्यच होता. परंतु जे राहिले त्यांच्यासाठी आपला ऊर कधी भरून आला? त्यांच्याविषयी आपण बोललो ते त्यांनी बाजार कसा काबीज केला एवढेच. पोलिश पाहुण्याने आपल्याकडे दुकानाचा गाळा मागितला नव्हता, शाळेत जागा मागितली नव्हती. सिंध्याने ती मागितली. निरोप देऊन झालेल्या पाहुण्याविषयी माया वाटणे फारसे अवघड नसते.

आपल्या इंदुरातही याहून वेगळे घडलेले नाही. फाळणीनंतर आलेल्यांना येथे आसरा मिळाला, सिंधी कॉलनी वसली. फेरीवर माल विकून, कमी नफ्यावर अधिक उलाढाल करून ही माणसे उभी राहिली. ‘शरणार्थी’ म्हटलेले त्यांना खपत नसे. आम्ही पुरुषार्थी, असे ती सांगत. आपण त्यांच्याकडून कापड घेतले, उधारी ठेवली, दिवाळीला मिठाईची देवघेव केली. पण ही सारी ओसरीवरची ओळख. माजघरापर्यंत किती जण आले?

‘आपणही बाहेरूनच आलो’ असे सभांतून म्हणण्याची पद्धत आहे. ते अर्धेच खरे आहे. आपले पूर्वज मल्हाररावांच्या फौजेमागून, दरबारच्या चाकरीवर आले. ते कोणाच्या दारात आसरा मागत उभे राहिले नाहीत. येताच यजमान झाले. म्हणून निर्वासिताचे दुःख आपणांस उपजत कळते, हा भ्रम सोडलेला बरा. ते विचारूनच समजून घ्यावे लागेल.

आमच्या धंद्यातलाच दाखला देतो. एकदा वर्गात सोरठ रागाचे नाव निघाले, तेव्हा सिंधी घरातील एक मुलगी म्हणाली, “आमची आजी ‘सोरठ’ गाते.” आम्हांला ते नवल वाटले, वाटायला नको होते. सिंधचे संतकवी शाह अब्दुल लतीफ यांच्या ‘रिसालो’ची प्रकरणेच सुरांच्या नावांनी बांधलेली आहेत: कल्याण, यमनकल्याण, सारंग, केदारो, सोरठ. त्या सोरठमध्ये राय डियाचची कथा येते. बिजल चारणाच्या वाद्यावर लुब्ध होऊन राजाने आपले शिरच कापून बिदागी दिली, अशी ती कथा. दरबारी कलावंतांच्या वंशजांनी ही गोष्ट पाऊणशे वर्षे शेजारी असून ऐकू नये, हा दोष शेजाऱ्याचा नव्हे. त्यांचे ‘भगत’ म्हणजे नाच, गाणे आणि आख्यान यांचा मेळ, आपल्या कीर्तनाचा सख्खा चुलतभाऊ. १९३९ मध्ये ज्यांची हत्या झाली ते भगत कंवरराम याच परंपरेतले. त्यांचे नाव आपल्यातील किती कीर्तनरसिकांना ठाऊक आहे?

हे सारे जुने उकरण्याचे कारण असे की सिंधहून येणे थांबलेले नाही. अलीकडच्या वर्षांतही तेथील कुटुंबे इंदुरात आली आहेत. २०१६ मध्ये काही जिल्ह्यांच्या कलेक्टरांना अशा अर्जदारांना नागरिकत्व देण्याचे अधिकार मिळाले, त्यांत इंदूर होते. २०१९ च्या दुरुस्ती कायद्याचे नियम मार्च २०२४ मध्ये निघाले. पण तो कायदा ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांपुरता. त्यानंतर आलेल्यांची वाट लांबच आहे, आणि तोपर्यंत भाड्याची खोली मिळविण्यापासून अडचणी. त्यांचे जातभाई त्यांना सांभाळतात. म्हणून आपण मोकळे झालो काय?

आपल्यात निवृत्त वकील आहेत, हेडमास्तर आहेत, कचेरीत जन्म घालविलेले कारकून आहेत. अर्ज भरून देणे, पोरांच्या शाळाप्रवेशासाठी शब्द टाकणे, रिकाम्या माडीसाठी भाडेकरू पाहताना आडनाव ऐकून दार न लावणे, एवढे त्यांना सहज जमेल. गायनशिक्षकांनी अशा मुलांची फी पहिली दोन वर्षे मागू नये. आम्ही मागणार नाही.

आणि महाराष्ट्र मंडळींच्या गणेशोत्सवात एक रात्र भगतासाठी राखावी. पाहुणा कार्यक्रम म्हणून दुपारी उरकू नये. मुख्य बैठकीच्या वेळी, पुढल्या रांगेत आपण बसून. साथीला पेटी-तबला लागला तर आमचे विद्यार्थी येतील. उत्सवाच्या सभा आषाढात भरू लागतात आणि कार्यक्रमपत्रिका तेव्हाच भरून जाते, म्हणून विषय त्याआधी निघाला पाहिजे.