‘आमच्याकडे तर चालते!’

मराठीच्या प्राध्यापकांनी संगणकाविषयी लिहावयाचे म्हणजे दोनच प्रकार रूढ आहेत: एक तर मराठीच्या भवितव्याची चिंता वाहणे, नाही तर युनिकोडचे गोडवे गाणे. प्रस्तुत लेखात आम्ही दोन्ही टाळणार आहोत. आमचे भांडण आहे ते एका वाक्याशी. आज्ञावली लिहिणारे लोक हे वाक्य इतक्या सहजपणे उच्चारतात की त्यातील उर्मटपणा त्यांच्या स्वतःच्या कानांनाही टोचत नाही. ते वाक्य म्हणजे ‘आमच्याकडे तर चालते!’

प्रसंग साधा आहे. आमच्या विभागाकडे जुन्या नियतकालिकांचे अंक आणि झाडीबोलीच्या शब्दांच्या याद्या जुन्या फॉण्टमध्ये टंकित करून ठेवलेल्या आहेत. या फॉण्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. फॉण्ट गेला की मजकूर गेला, मागे उरतो तो निरर्थक रोमन चिन्हांचा ढिगारा. असा मजकूर युनिकोडमध्ये आणणारी आणि त्यातून शब्दसूची तयार करणारी एक छोटी आज्ञावली दूरच्या शहरातील एका कार्यकर्त्याने मूळ संहितेसह खुली केली होती. आम्ही ती आणली. गडचिरोलीत आमच्या हाताशी तीन यंत्रे होती: प्रयोगशाळेतील विंडोज, ग्रंथालयातील जुना लिनक्स संगणक आणि एका सहकाऱ्याचा मॅक. तिन्हींवर ती घडेना. कार्यकर्त्याला कळवले. उत्तर आले ते वर दिले आहे.

येथे साहित्याच्या वाचकासाठी थोडे थांबले पाहिजे. आज्ञावलीची संहिता म्हणजे आज्ञावली नव्हे. ती यंत्रभाषेत उतरवावी लागते, तिचे तुकडे जोडावे लागतात, इतरांनी लिहिलेल्या लायब्रऱ्या शोधून तिला लावाव्या लागतात. या सगळ्या कामाची पाककृती लिहून ठेवण्यासाठी १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ हे साधन केले. त्यात आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू झाली पाहिजे, मोकळ्या जागा चालत नाहीत, असा एक विचित्र नियम राहून गेला. चूक ध्यानात आली तेव्हा वापरणारे होते डझनभर, बहुतेक ओळखीचे. त्यांची गैरसोय नको म्हणून फेल्डमन यांनी नियम बदलला नाही. त्या डझनभर मित्रांच्या सोयीचे ओझे पुढील पन्नास वर्षे जग वाहत आले आहे. (भाषेतही असेच घडते. कुणा चारजणांची सवय नियम होऊन बसते आणि बाकीच्यांचे लेखन ‘अशुद्ध’ ठरते.)

परंतु मेकची पाककृतीसुद्धा एका घरचीच असते. एका यंत्रावर कंपायलर एका नावाचा, दुसऱ्यावर दुसऱ्या. येथे लायब्ररी एका ठिकाणी, तेथे दुसरीकडे. विंडोजवर तर घडवण्याची रीतच वेगळी. यातून ‘सीमेक’ आले. ‘किटवेअर’ या संस्थेने २००० साली ते सुरू केले, अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या पैशावर चाललेल्या वैद्यकीय प्रतिमांच्या ‘आयटीके’ प्रकल्पासाठी. ज्याच्या टेबलावर जे यंत्र असेल त्यावर ती आज्ञावली घडली पाहिजे, ही तेथील निकड होती. सीमेक स्वतः काहीच घडवत नाही. ते समोरच्या यंत्राची विचारपूस करते (कंपायलर कोणता, लायब्रऱ्या कुठे) आणि मग त्या यंत्राला समजेल अशा रीतीने पाककृती लिहून देते. लिनक्सला मेकफाइल, विंडोजला व्हिज्युअल स्टुडिओचा प्रकल्प, मॅकला एक्सकोडचा. २००६ साली केडीई या मोठ्या मुक्त प्रकल्पाने आपला सारा संसार सीमेकवर हलवला.

आमचा मुद्दा येथून पुढे आहे. त्या कार्यकर्त्याने सीमेकच वापरले होते! म्हणजे कुठेही चालेल असे साधन हाती घेऊन त्याने केवळ स्वतःच्या घरात चालेल असे काही लिहिले होते. बिल्डची ती फाइल आम्ही वाचली. ती वाचता येते, हे साहित्याच्या अध्यापकांनी मुद्दाम लक्षात घ्यावे. कवितेला लावतो तेवढीच नजर पुरते. युनिकोडच्या कामासाठी लागणारी आयसीयू ही लायब्ररी कुठे आहे, हे यंत्राला विचारावयाच्या जागी त्याने स्वतःच्या मॅकवरील, स्वतःच्या नावाच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहून ठेवला होता. अर्थात सहकाऱ्याच्या मॅकवरही तो पत्ता खोटाच. एका फाइलचे नाव एके ठिकाणी मोठ्या अक्षराने सुरू होत होते, दुसऱ्या ठिकाणी लहान अक्षराने. मॅकला सहसा हा फरक खुपत नाही, लिनक्सला खुपतो. बिल्डमध्येच चालणारी एक शेल स्क्रिप्ट फोल्डरच्या नावात मोकळी जागा नसणार असे गृहीत धरून चालली होती. आमचे फोल्डर होते ‘मराठी विभाग’. त्या एका मोकळ्या जागेवर सगळे अडले.

काव्यशास्त्रात आपण अभिप्रेत वाचकावर तासन्‌तास बोलतो. या फाइलचा अभिप्रेत वाचक कोण? तर लेखक स्वतः, त्याच्याच खोलीत, त्याच्याच खुर्चीवर. त्याने ‘फाइंड पॅकेज’ ही एक ओळ लिहिली असती तर सीमेकने प्रत्येक यंत्रावर आयसीयू शोधली असती, आणि न सापडल्यास तसे स्पष्ट सांगितले असते. ही आज्ञा अवघड नाही. समोरचा माणूस आपल्यासारखा नसेल, एवढे मान्य करणे मात्र अनेकांना अवघड जाते. पुण्या-मुंबईच्या घरातील बोली गृहीत धरून लिहिलेला पाठ धानोऱ्याच्या माडिया मुलासमोर ठेवायचा आणि ‘आमच्याकडे तर मुलांना समजते’ म्हणायचे, हे आम्ही आयुष्यभर पाहिले आहे. त्यामुळे तो पूर्ण पत्ता पाहताच आम्हाला ओळख पटली.

दुरुस्ती आम्हीच केली. फारसे काही नव्हते. सोबत चाचण्या जोडल्या, कारण सीमेकबरोबर ‘सीटेस्ट’ येते आणि तिन्ही यंत्रांवर त्याच चाचण्या चालवता येतात. पहिली चाचणी अर्थातच ‘दऱ्या’ची. जुन्या फॉण्टमधून येताना डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्रवाचक ‘दर्या’ होता कामा नये, ‘तऱ्हा’ आणि ‘सुऱ्या’ शाबूत राहिल्या पाहिजेत. हे कोणत्याही संगणकतज्ज्ञाने आम्हाला सांगितले नसते. हे मराठीच्या माणसाचे काम होते.

मग एका विद्यार्थ्याने यादीतील काही शब्दांपुढे त्यांची गोंडी रूपे गोंडी लिपीत लिहिली. मसराम गोंडी लिपी २०१७ साली युनिकोडच्या दहाव्या आवृत्तीत आली. आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाला गावच्या हस्तलिखितांतून पुढे आलेली गुंजाला गोंडी २०१८ साली अकराव्या आवृत्तीत. लिनक्सवर शब्दसूची बरोबर आली, मॅकवरही. विंडोजवर मात्र प्रत्येक गोंडी अक्षराचे दोन तुकडे पडले. कारण समजल्यावर आम्ही काही काळ गप्पच होतो. अक्षर साठवण्याचा जो प्रकार आज्ञावलीत वापरला होता तो मॅक व लिनक्सवर बत्तीस बिटांचा असतो, विंडोजवर सोळा बिटांचा. देवनागरी सोळा बिटांत मावते. गोंडी लिप्यांना युनिकोडमध्ये जागा मिळाली ती त्या मर्यादेपलीकडे, म्हणून तेथे एका अक्षराला दोन घरे लागतात. मराठीपुरते पाहिले असते तर ही चूक कधीच दिसली नसती. मॅकवर बसणाऱ्याला गोंडी लिहूनही दिसली नसती. तिसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या भाषेत घडवून पाहिले तेव्हाच ती सापडली. आमच्या भागात गोंडी बहुधा देवनागरीतच लिहिली जाते हे खरे. पण कोणत्या लिपीत लिहावयाचे हे गोंडी बोलणाऱ्यांनी ठरवावे, त्या आज्ञावलीने नव्हे.

आणखी एक तक्रार. अलीकडच्या बिल्ड-फाइलींना नवीन खोड लागली आहे: लागणाऱ्या लायब्रऱ्या जागच्या जागी इंटरनेटवरून ओढून आणायच्या. सीमेकमध्ये २०१८ पासून ही सोय आहे. सोय उत्तम, पण पावसाळ्यात पर्लकोटेचा पूर पुलावरून वाहतो आणि भामरागडचा रस्ता तुटतो, तेव्हा तेथे बसून ‘डाउनलोड अयशस्वी’ वाचण्याचा अनुभव या लेखकांनी एकदा घ्यावा. गंमत अशी की सीमेकने याचाही विचार केला आहे. सर्व सामग्री आधीच आणून ठेवून काहीही न ओढता घडवण्याचा पर्याय त्यात आहे आणि त्याच्या नावातच ‘फुल्ली डिस्कनेक्टेड’ असे शब्द आहेत. म्हणजे संपर्क तुटलेल्यांचा विचार साधन करणाऱ्याने केला, वापरणाऱ्याने केला नाही.

यावर दोन आक्षेप आम्ही ऐकले आहेत. पहिला असा की तयार एक्झी फाइल द्या, घडवण्याची उठाठेव कशाला? ज्यांनी जुन्या फॉण्टच्या फाइली मरताना पाहिल्या त्यांनी तरी हा प्रश्न विचारू नये. तयार वस्तू आजच्या यंत्रावर चालते. उद्याच्या यंत्रासाठी ती पुन्हा घडवावी लागते, आणि तेव्हा कार्यकर्ता जागेवर असेलच असे नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला तो काही एका वाचकाच्या एका वाचनापुरता नव्हता.

दुसरा आक्षेप आमच्याच विभागातला. हे आपले क्षेत्र नव्हे, म्हणे. मग ‘दऱ्या’ची चाचणी कोणाचे क्षेत्र? संगणक विभागाला ती सुचत नाही, आम्ही लिहीत नाही, आणि चर्चासत्रांत ‘तंत्रज्ञान आणि मराठी’ या विषयावर निबंध मात्र वाचले जातात. सीमेकचा प्रचार हा आमचा हेतू नाही. त्याची भाषा ओबडधोबड आहे, सगळेच शब्द तिला केवळ अक्षरांच्या माळा वाटतात आणि यादीसुद्धा अर्धविरामांनी जोडलेली एक माळच असते. दुसरे साधन घ्या, हरकत नाही. मात्र यापुढे आमच्या विभागात प्रबंधासोबत कोणी आज्ञावली सादर केली, तर ती विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नसलेल्या किमान दोन यंत्रांवर, नेट बंद ठेवून, ‘मराठी विभाग’ याच नावाच्या फोल्डरमध्ये आम्ही घडवून पाहणार आहोत. मोकळ्या जागेसह.

दुरुस्त फाइल आम्ही त्या कार्यकर्त्याकडे पाठवली. त्याने ती स्वीकारली, आभारही मानले. विंडोजवरील गोंडीची चाचणी अद्याप उत्तीर्ण झालेली नाही. तो विद्यार्थी तिच्यामागे आहे.