आधी ऐकावे, मग मोजावे

यंदाच्या उन्हाळ्यात माझ्या मैत्रिणीची कन्या कागदांची एक चळत घेऊन माझ्याकडे आली. ती एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या दोन महिन्यांच्या विद्यार्थी संशोधन योजनेसाठी तिने विषय निवडला होता : शाळकरी मुले आणि ऑनलाइन गेम. "मावशी, चाळीस प्रश्न तयार आहेत. देडतलाईतल्या साठ मुलांकडून भरून घेतले की काम झाले!" तिच्या उत्साहाचे मला कौतुक वाटले, परंतु पहिल्याच प्रश्नापाशी मी थबकले. 'तू दिवसातून किती तास गेम खेळतोस?' काही वर्षांपूर्वी हाच प्रश्न मीही विचारला होता आणि मिळालेले उत्तर खरे मानण्याची चूक केली होती.

चौदा वर्षांचा एक मुलगा डोकेदुखी आणि निद्रानाशाची तक्रार घेऊन आला होता. वडील म्हणाले, "मॅडम, सहा-सहा तास मोबाइल सोडत नाही." मी वडिलांच्या देखतच मुलाला विचारले. त्याने मान खाली घातली. त्या मौनाला मी कबुली समजले आणि मोबाइल कुलुपात ठेवण्याचा सल्ला देऊन मोकळी झाले. चौथ्या दिवशी तो मुलगा न सांगता घरातून निघून गेला. दोन दिवसांनी मामाच्या गावी सापडला. ते दोन दिवस मी कसे काढले, ते माझे मलाच ठाऊक.

पुढच्या भेटीत मी वडिलांना बाहेर बसविले आणि मुलाला पहिल्यापासून सांगू दिले. गेममधील वस्तू घेण्यासाठी त्याने वडिलांच्या खात्यातून थोडेथोडे करून दोन हजारांवर रुपये खर्च केले होते. ते उघडकीस येईल या धास्तीने त्याची झोप उडाली होती. मोबाइल वडिलांच्या कुलुपात गेल्यावर तर त्याला पळण्यावाचून मार्ग दिसेना. आणि ते सहा तास? मोबाइलमधील नोंद पाहिली तेव्हा गेमचा वेळ दीड तासाच्या आत निघाला. उरलेला वेळ व्हिडिओंचा होता, आणि ते सारे घरच पाहत होते. घरात मोबाइल एकच होता. मी मोबाइलचे तास मोजले आणि ते मुलाच्या नावावर लिहिले.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, या विषयावरील विद्यार्थी-अभ्यासाची सुरुवात प्रश्नावलीने होऊ नये.

याला शास्त्रीय आधारही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तीत 'गेमिंग विकारा'ची व्याख्या तासांवर केलेली नाही. खेळावरील ताबा सुटणे, इतर गोष्टींपेक्षा खेळाला अधिकाधिक प्राधान्य मिळणे, नुकसान दिसूनही खेळ चालू राहणे, आणि यामुळे जीवन लक्षणीयरीत्या विस्कळीत होणे, तेही सामान्यतः बारा महिने, असे निकष आहेत. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली नऊ निकष सुचविले. पण तेही 'अधिक अभ्यासाची गरज' या सदराखाली. तासांविषयी म्हणाल, तर ऑक्सफर्डच्या संशोधकांनी प्रौढ खेळाडूंनी सांगितलेला वेळ खेळाच्या कंपन्यांकडील प्रत्यक्ष नोंदींशी ताडून पाहिला. तो अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही आकड्यांचा मेळ बेताचाच होता. प्रौढांची ही गत, तर चौदा वर्षांच्या मुलाकडून, तेही वर्गशिक्षकांच्या नजरेखाली, आपण कोणती अचूकता अपेक्षितो?

त्यात आपल्या भागाची आणखी एक अडचण आहे. देडतलाईत एकाच बाकावर कोरकू, निमाडी आणि मराठी बोलणारी मुले बसतात आणि प्रश्नावली हिंदीत छापलेली असते. कोरकू ही तर मुंडा कुळातील भाषा. निमाडी-मराठीशी तिचे नाते नाही. 'तुला गेमची ओढ वाटते का?' या प्रश्नातील 'ओढ' त्या तिघांना एकच वाटेल का, हे आधी त्यांच्याशी बोलल्याखेरीज कळणार नाही.

भीतीचाही विचार हवा. पब्जीवर सप्टेंबर २०२० मध्ये आणि फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा केला. त्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. पण मुलाला हे कोठे ठाऊक? छापील कागदावर तो 'नाही' हेच लिहिणार.

यावर काही सहकारी म्हणतील, "गोष्टी ऐकणे म्हणजे विज्ञान नव्हे; आकडे हवेत." आकडे हवेत, हे मलाही मान्य आहे. परंतु समजा, हा विकार शंभरात पाच मुलांना असेल, तर साठ मुलांत तीनच सापडतील. एखादे मूल अधिक-उणे झाले की टक्केवारी पाचावरून सातावर वा तिनावर जाईल. असा आकडा नसलेला बरा. तोच वेळ बारा मुलांना नीट ऐकण्यात घालविला, तर पुढच्या मोठ्या पाहणीसाठी योग्य प्रश्न तरी हाती लागतील.

त्या मुलीला मी सुचविलेला क्रम साधा आहे. प्रथम मुलांचे व मुलींचे दोन वेगळे गट करून मोकळी चर्चा करावी. मग बारा मुलांच्या एकेकट्या मुलाखती घ्याव्यात. पालकांशी स्वतंत्रपणे बोलावे. मुलांनी सात दिवसांची छोटी दैनंदिनी ठेवावी आणि ती मोबाइलमधील नोंदीशी, मोबाइल कोणाकोणाच्या हातात असतो हे विचारून, ताडून पाहावी. प्रश्नावली सर्वांत शेवटी आणि तीही छोटी असावी.

या सर्वांआधी संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता, पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार घ्यावा. संमती पालकांची असली, तरी मुलाने सांगितलेले त्यांच्या कानी घालायचे नाही. मात्र त्याच्या जिवाला धोका वाटला, तर गप्पही बसायचे नाही, आणि हे मुलाला आरंभीच सांगायचे. त्यासाठी मार्गदर्शक डॉक्टरांचा क्रमांक आणि टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक विद्यार्थ्याजवळ असावा.

ती थोडी हिरमुसली. "मावशी, मग तक्ते कमी होतील." होतील. परंतु त्या तक्त्यांत माझ्या त्या रुग्णासारखी मुले चुकीच्या रकान्यात बसणार नाहीत.

व्यवसायबंधू-भगिनींना विनंती एवढीच : असा विद्यार्थी तुमच्या दारी आला, तर त्याच्या प्रश्नावलीवर नुसती सही करू नका. आपल्या दवाखान्यातील एक खोली आणि अर्धा तास त्याला द्या. आणि पुढच्या वेळी एखादा बाप मुलाचे तास सांगू लागला, तर त्याला नम्रपणे दोन मिनिटे बाहेर बसायला सांगा. मला ते उशिरा सुचले.